राखेचं काम कोणाचं?

कोणतीही नवी शेगडी विकायला आली की आधी तिची ज्योत दाखवतात. सरळ, स्वच्छ, धूर नाही, भांडं काळं होत नाही. काही महिन्यांनी तीच शेगडी कोपऱ्यात पडलेली असते आणि तिच्यावर कांद्याची टोपली ठेवलेली असते. मग कोणी म्हणतं, शेगडीच भंगार होती. कोणी म्हणतं, बायकांना नवीन वस्तू वापरता येत नाही. मला ही दोन्ही उत्तरं पटत नाहीत. शेगडी पेटते ज्योतीने, पण टिकते ती राख काढण्यावर. आणि राख काढणं हे काम आहे, असं आपण कधी मानलेलंच नाही.

हा विषय आपल्या अंकात कशाला, असं काही जणांना वाटेल. कारण तो आपल्या दारातला आहे. बिदर-कलबुर्गी पट्ट्यात तूर म्हणजे घरचं पीक. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. डाळ बाजारात जाते, तुराट्या मागे राहतात. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, कुठेही सुगी झाल्यावर जाऊन बघा. काही तुराट्या चुलीसाठी रचून ठेवतात, काही कुडाला लागतात, उरलेल्या शेतातच पेटवून देतात. त्याऐवजी तुराट्या, सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट वाळवून दळायचं, यंत्रात जोरात दाबून त्याच्या छोट्या कांड्या करायच्या आणि त्या घरच्या शेगडीत जाळायच्या, ही कल्पना आता सेमिनारमध्ये आणि प्रोजेक्टमध्ये वारंवार येते. या कांड्यांनाच पेलेट म्हणतात. कल्पना चांगलीच आहे. फक्त त्या प्रोजेक्टच्या शेवटच्या स्लाइडवर एक प्रश्न हवा: राख कोण काढणार?

आधी ही शेगडी चालते कशी ते बघू. आपल्याकडच्या पेलेटच्या शेगडीत मधे एक भांड्यासारखी पोकळी असते आणि तिच्या तळाला भोकांची जाळी. पेलेट त्या पोकळीत भरायचे आणि वरून पेटवायचे. खाली छोटा पंखा असतो. तो थोडी हवा जाळीतून वर सोडतो, त्यामुळे पेलेट तापून त्यातून जळाऊ वायू निघतो. बाकीची हवा वरच्या कडेच्या भोकांतून येते आणि तो वायू तिथे जळतो. म्हणून धूर कमी. म्हणजे सगळी करामत भोकांची आहे. खालची भोकं बुजली की पेलेट नीट तापत नाहीत. वरची बुजली की वायू न जळताच बाहेर पडतो, आणि न जळलेला वायू म्हणजेच धूर.

भोकं बुजवते राख. इथे आपल्या भागाची खास अडचण आहे. चांगल्या लाकडाच्या पेलेटमध्ये राख एक टक्क्याच्याही आत असते. पिकांच्या अवशेषांत ती कितीतरी जास्त. भाताच्या तुसात तर वजनाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा राखच. शिवाय पिकांच्या राखेत पोटॅश असतं. जास्त तापली की ती वितळते आणि गार झाल्यावर दगडासारखी घट्ट होते. वीटभट्टीतल्या जास्त भाजलेल्या विटेला आपण खंगर म्हणतो ना, तसेच छोटे खंगर जाळीला चिकटून बसतात. इटलीत किंवा ऑस्ट्रियात लाकडाचे पेलेट जाळणाऱ्या घराला जेवढी सफाई लागते, त्यापेक्षा आपल्या शेतातल्या कचऱ्यावर चालणाऱ्या शेगडीला जास्त लागणार. हा काही आळसाचा प्रश्न नाही, इंधनाचा गुणधर्म आहे.

मग सफाई म्हणजे नक्की काय? शेगडी पूर्ण गार झाल्यावर राख काढायची. जाळीचं एकेक भोक तारेने मोकळं करायचं, खंगर खरवडायचे. वरच्या कडेची भोकं कोरड्या ब्रशने झाडायची. पंख्याच्या तोंडावर साचलेला धुरळा कोरड्या फडक्याने पुसायचा, पाणी अजिबात लावायचं नाही. बॅटरी चार्ज करायची. धुराडं असेल तर त्यातली काजळी ठरावीक दिवसांनी पाडायची. पेलेट झाकणाच्या डब्यात ठेवायचे, कारण पावसाळ्यात ते दमट हवा शोषून फुगतात आणि त्यांचा पुन्हा भुस्सा होतो. राख पत्र्याच्या डब्यात काढून बाहेर ठेवायची. तिच्या पोटात निखारा तासन् तास जिवंत राहू शकतो, म्हणून प्लास्टिकच्या टोपल्यात नको आणि कडब्याच्या गंजीजवळ तर नकोच. आणि थंडी आहे म्हणून दारं-खिडक्या लावून शेगडी पेटती ठेवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

रोजच्या या कामाला दहाच मिनिटं धरली तरी वर्षाचे साठ तास होतात. हे साठ तास कोणाचे? घरोघरी मातीच्या चुली म्हणतात तसंच घरोघरी याचं उत्तरही एकच आहे, आणि ते कोणी विचारत नाही म्हणून सांगावंही लागत नाही.

हे न विचारल्यामुळे काय होतं, ते आपल्या देशाने आधीच बघितलं आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये ‘अस्त्र’ नावाचा गट सुरू झाला. खेड्यांना उपयोगी पडेल असं तंत्र तयार करणं हे त्याचं काम. त्यांनी धुराडं असलेली, एकाच जाळावर तीन भांडी बसणारी ‘अस्त्र ओले’ बनवली. ओले म्हणजे कन्नडमध्ये चूल. आपल्या भागात एका भिंतीच्या अलीकडे चूल असते आणि पलीकडे ओले, धूर मात्र दोघींचा सारखाच. या चुलीत जाळ पहिल्या भांड्याखालून दुसऱ्या-तिसऱ्याकडे आणि तिथून धुराड्यात जातो. त्या वाटेत काजळी साचली की ओढ कमी होते आणि धूर परत स्वयंपाकघरात येतो. पुढे १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. तो २००२ च्या सुमारास बंद झाला, तोपर्यंत देशात तीन कोटींहून जास्त चुली बसवल्याची नोंद झाली होती. बसवलेल्या चुलींचा आकडा सहज सापडतो. दोन वर्षांनी त्यातल्या किती धुराड्यांतून धूर बाहेर जात होता, हा आकडा शोधून बघा.

अर्थशास्त्रज्ञ रेमा हन्ना, एस्थर डुफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन यांनी ओडिशातल्या सुमारे २६०० कुटुंबांचा चार वर्षांपर्यंत अभ्यास केला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. धुराड्याची सुधारित चूल दिल्यावर पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढे तो फरक उरला नाही. चुलीचा वापर अनियमित होता, देखभाल आणि दुरुस्ती नीट झाली नाही. या अभ्यासाचा अर्थ ‘लोक निष्काळजी असतात’ असा लावणं सोपं आहे. मला त्यात दुसरं दिसतं. योजनेत चुलीला पैसे होते, गवंड्याला पैसे होते, पण काजळी काढणाऱ्या हाताला पैसेही नव्हते आणि वेळही नव्हता. फुकटच्या कामावर उभी केलेली योजना त्या फुकटच्या कामाइतकीच टिकते.

पेलेटच्या शेगडीचीही एक गोष्ट झालेली आहे. ‘ऊर्जा’ नावाची पंख्याची शेगडी बीपी कंपनीने भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने बनवली आणि २००६ पासून महाराष्ट्र-कर्नाटकातल्या बाजारात आणली. पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीने ती चालवली. चार लाखांहून जास्त शेगड्या विकल्या गेल्या. मग पेलेटला लागणारा शेतीचा कचरा महाग झाला, त्यामुळे पेलेट महाग झाले, आणि कंपनी हळूहळू घरांकडून हॉटेल आणि मोठ्या स्वयंपाकघरांकडे वळली. त्यात २०२१ च्या धोरणाने औष्णिक वीजकेंद्रांना कोळशात पाच टक्के बायोमास पेलेट मिसळायला सांगितलं. म्हणजे आपल्याच तुराट्यांसाठी घरची शेगडी आणि वीजकेंद्र एका रांगेत उभे राहणार. पेलेट मिळाले नाहीत किंवा परवडले नाहीत, तर कितीही घासून ठेवलेली शेगडी शोभेचीच. देखभाल म्हणजे नुसती जाळी साफ करणं नाही. इंधन, सुटे भाग आणि दुरुस्ती जवळ मिळणं हीसुद्धा देखभालच आहे.

यावर एक आक्षेप येणार, आता गॅस आलाय की! खरं आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये आठ कोटींवं कनेक्शन तर मराठवाड्यात, औरंगाबादलाच दिलं गेलं. गॅसने खूप फरक पडला, तो नाकारण्यात अर्थ नाही. ज्याला गॅस परवडतो त्याने तोच वापरावा, उगाच शेगडीचं कौतुक नको. पण सिलिंडर संपतो, पैसे संपतात, आणि अंघोळीच्या पाण्याला, ज्वारीच्या भाकरीला, जनावरांच्या आंबोणाला खेड्यात अजून बंब आणि चूल लागतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली. त्यामुळे जिथे चूल आहे तिथे ती स्वच्छ जळावी, हा मुद्दा गॅसमुळे जुना होत नाही.

दुसरा आक्षेप असा, की बायकांना एकदा ट्रेनिंग द्या म्हणजे झालं. ट्रेनिंग हवंच. पण घरातली मोटारसायकल बघा. तिचं ऑइल बदलायला गॅरेज असतं, मेकॅनिक असतो, त्याला पैसे देतात आणि तिची सर्व्हिसिंग चुकली तर घरात चर्चा होते. जर्मनीत धुराडं साफ करणं हा शिकून, परीक्षा देऊन करायचा व्यवसाय आहे, आणि धुराड्याची ठरावीक तपासणी कायद्यानेच करावी लागते. तिथे काजळीला प्रतिष्ठा आहे, कारण तिच्यामुळे आग लागते आणि माणूस मरतो हे कायद्याने मान्य केलं. काजळी आपल्याकडेही तीच आहे. आपण मात्र ती चूल-मूल या खात्यात टाकली आणि खातं बंद केलं.

आपल्या कॉलेजात राखेचा बुधवार माहीत नाही असं कोणी नसेल. मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून ती राख करतात आणि आपण रांगेत उभं राहून ती कपाळावर घेतो. माणूस मातीचा आहे याची आठवण म्हणून. त्या राखेसमोर सगळे सारखे असतात, हे मला नेहमी आवडतं. पण चर्चच्या सणाच्या जेवणाला मोठ्या चुलीवर पातेली चढवायला पुरुष मंडळी पुढे असतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या चुलीतली राख उपसायला कोण असतं तेही आपण बघतो. कपाळावरची राख सगळ्यांची आणि चुलीतली फक्त बायकांची, असं कसं?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. शेगडी विकणाऱ्याने किंवा वाटणाऱ्याने तिच्याबरोबर जादा जाळी, ब्रश आणि तार द्यावी, आणि पंखा दुरुस्त करणारा माणूस निदान तालुक्याच्या गावी असावा. योजनेच्या अहवालात वाटलेल्या शेगड्यांशेजारी वर्षभरानंतर चालू असलेल्या शेगड्यांचा रकाना असावा. बचत गटातल्या बायकांना दुरुस्तीचं काम शिकवलं तर त्याचे पैसे द्यावेत, ‘सेवा’ म्हणून करून घेऊ नये. आणि घरात ज्याला जेवायला लागतं त्याला जाळी खरवडताही आली पाहिजे, मग तो मुलगा असो की मुलगी.

एक मागणी आपल्या मंडळाकडे. अशा वस्तूंबरोबर पत्रक आलंच तर ते बहुतेक इंग्रजीत किंवा हिंदीत असतं, आणि ‘एअर इनलेट नियमित स्वच्छ ठेवा’ असल्या भाषेत असतं. सीमाभागातल्या घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात. आपण कथा-कवितांचे अंक काढतो, तसं एक पान मराठी-कन्नडमध्ये काढू. जाळी, भोकं, खंगर, काजळी, फडकं, असे घरातले शब्द वापरू. कन्नड विभागातले मित्र सोबत घेऊ. वर मोठ्या अक्षरात लिहू, "हे काम घरातल्या सगळ्यांचं आहे." साहित्य मंडळाला हे काम कमीपणाचं वाटत असेल तर राखेबद्दल आपलंही मत इतरांसारखंच आहे, असं समजायला हरकत नाही.