चेंबर दगडाने फोडलं, इंजिन कुणी?

नववीच्या वर्गाला मी एकवीस वर्षं विज्ञान शिकवते. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की उष्णता निर्माण होते, मध्ये तेलाचा थर असला की घर्षण कमी होतं, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याची गणती नाही. गेल्या पावसाळ्यात तोच धडा मी स्वतः पुन्हा गिरवला. फी बसली शहाण्णव हजार रुपये.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आईला कराडहून चिपळूणला सोडायला निघाले होते. निघायलाच उशीर झाला. हेळवाक मागे पडलं तेव्हा पावणेसात वाजले होते, बारीक पाऊस आणि धुकं. बंद पडलेल्या ट्रकच्या चाकाला कुणीतरी दगड लावला असणार. ट्रक गेला, दगड तिथेच राहिला. वळणावर तो दिसेपर्यंत गाडी त्याच्यावरून गेली होती. खालून खाडकन आवाज आला. उतरून मोबाइलच्या उजेडात वाकून पाहिलं; काही लोंबत नव्हतं, ओल्या रस्त्यावर काळं तेल काही ओळखू आलं नाही. गाडी सुरू झाली, मी निघाले. मिनिटाभरात समोर लाल दिवा लागला, गोष्टीतल्या जादूच्या दिव्यासारखं चित्र असलेला. मला वाटलं, सर्व्हिसिंगची आठवण असेल. पुढे टकटक आवाज यायला लागला आणि चारेक किलोमीटरवर, घाटमाथ्यावरच्या एका चहाच्या टपरीपाशी, गाडी आचका देऊन थांबली ती थांबलीच.

टपरीवाल्याच्या भरवशावर गाडी सोडून आम्ही मायलेकी वडापने चिपळूणला पोचलो. दुसऱ्या दिवशी क्रेनने गाडी कराडच्या गॅरेजात आणली. मिस्त्रींनी खाली शिरून एका मिनिटात निकाल दिला, "ताई, चेंबर फुटलंय. ऑइल सगळं रस्त्यात सांडलं. बेअरिंग चिकटल्यात, क्रँक गेला. इंजिन बसलं." चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेली ऑइलची परात. तिला मुठीएवढी चीर पडली होती.

मी निर्धास्त होते. पॉलिसी फुल्ल होती ना! सहा वर्षांत एकदाही क्लेम केला नव्हता.

तिसऱ्या दिवशी विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. तिशीतला, नम्र मुलगा. गाडी लिफ्टवर चढवून त्याने सगळ्या बाजूंनी फोटो काढले, दगड कुठे लागला, त्यानंतर गाडी किती चालली, दिवा लागला होता का, असं सगळं विचारलं. मी मास्तरीण, खरं ते सांगितलं. त्याने वही मिटली आणि म्हणाला, "मॅडम, चेंबर दगडाने फोडलं, ते आम्ही देऊ. इंजिन दगडाने नाही फोडलं."

या एका वाक्यात आपल्या मोटार विम्याचं सगळं तत्त्वज्ञान आहे. तुमचं किती नुकसान झालं, हा विम्याचा पहिला प्रश्न नसतो. ते कशाने झालं, हा असतो. अपघात, आग, चोरी, दंगल, पूर, वादळ, भूकंप, दरड अशी कारणांची ठरलेली यादी असते. बाहेरून आघात झाला तर कंपनी पैसे देते. मशीन आतून बिघडलं, झिजलं, जळलं, तर देत नाही. 'मेकॅनिकल ऑर इलेक्ट्रिकल ब्रेकडाउन' आणि 'कॉन्सिक्वेन्शियल लॉस', म्हणजे एका नुकसानीतून पुढे उद्भवलेलं दुसरं नुकसान, हे दोन्ही वगळलेल्या गोष्टींच्या यादीत जवळजवळ बसलेले असतात. आणि ज्यांच्याकडे फक्त कायद्याने सक्तीचा थर्ड पार्टी विमा आहे, त्यांना स्वतःच्या गाडीसाठी काहीच मिळत नाही. तो समोरच्याच्या नुकसानीसाठी असतो.

हे तत्त्व मुळात चूक आहे असं मी म्हणणार नाही. ज्याने तीन वर्षं ऑइल बदललं नाही त्याचं इंजिन बसलं आणि ते विम्याने भरून दिलं, तर त्याच्या आळसाचा हप्ता तुम्ही-आम्ही भरायचा. नवीन गाडीचं इंजिन सदोष निघालं तर ती उत्पादकाची जबाबदारी, त्यासाठी वॉरंटी असते. अपघात विम्याचा, दोष वॉरंटीचा, झीज आपल्या खिशाची. वाटणी स्वच्छ आहे. भांडण आहे ते या तिघांच्या बांधावर, जिथे दगड बाहेरचा असतो आणि चिकटलेलं बेअरिंग आतलं.

आता माझ्या क्लेमचा हिशेब पाहा. चेंबर सहा हजारांचं. गाडी पाच वर्षांवरची, म्हणून धातूच्या भागावर ४० टक्के घसारा, मिळणार ३६००. गॅस्केट आणि रबरी सामान आठशेचं, त्यावर ५० टक्के, मिळणार ४००. मजुरी १५०० पूर्ण. झाले ५५००. त्यातून पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीची सक्तीची वजावट १००० गेली, उरले ४५००. क्रेनचे मी साडेचार हजार मोजले होते, पण पॉलिसीत त्याची मर्यादा १५०० रुपये. एकूण ६०००. शहाण्णव हजारांच्या इंजिनाचा रुपयाही नाही.

गंमत पुढेच आहे. हे सहा हजार घेतले की पाच वर्षं जपलेला माझा ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनस शून्यावर येणार. पुन्हा चढायची पायरी २०, २५, ३५, ४५ आणि मग ५०. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा माझा मूळ हप्ता सात हजारांच्या आसपास आहे. तो तेवढाच राहील असं धरून मी वहीच्या मागच्या पानावर पाच वर्षांची सूट मांडली. गमावणार होते ८७५० रुपये. म्हणजे मंजूर झालेला क्लेम घेतला तर मीच कंपनीला पावणेतीन हजार देणं लागत होते! मी क्लेम मागे घेतला. फोनवरच्या मुलीने कारण विचारलं. "गणित," मी म्हटलं.

आता पॉलिसीतल्या एका अटीविषयी. सर्व्हेअरने मला पॉलिसीतलं एक कलम दाखवलं. ते थोडक्यात असं: अपघात झाला किंवा गाडी बंद पडली, तर पुढचं नुकसान टाळण्याची खबरदारी न घेता गाडी वाऱ्यावर सोडू नका, आणि दुरुस्तीआधी चालवलीत, तर त्यामुळे वाढणारं नुकसान सर्वस्वी तुमचं. वाचायला सरळ. पण ते कलम घेऊन एकदा हेळवाकच्या पुढे, पावसात, तिन्हीसांजेला उभं राहून पाहा. मोबाइलला रेंज नाही, मागे डोळ्याला पट्टी बांधलेली सत्तरीची आई, रस्त्यावर माणूस नाही. गाडी सोडून जायचं नाही आणि चालवायचीही नाही. कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दिवसाउजेडी शहरातला, हाकेच्या अंतरावर गॅरेज असलेला रस्ता असावा. 'वाजवी काळजी' ही मोजपट्टी जागा आणि वेळ पाहून लावायला हवी. दिव्याखालच्या टपरीपर्यंत गाडी नेणारी बाई आणि आवाज येत असताना कोल्हापूर गाठणारा बहाद्दर, दोघांना एकच उत्तर मिळत असेल तर तो न्याय नव्हे.

तरीही मी पुढे लढले नाही. त्याचं कारण सांगायला हवं. लाल दिवा मी पाहिला होता. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात तो लागला तर ताबडतोब इंजिन बंद करा, असं स्पष्ट लिहिलं आहे. ते पुस्तक सहा वर्षं प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर निघालं नव्हतं. वर्गात 'धडा वाचून या' म्हणणारीने ते वाचलं नव्हतं.

चूक माझी, हे मान्य. पण एकटीची नाही. वर्षापूर्वी पॉलिसीचं नूतनीकरण करताना एजंटने फोनवर विचारलं होतं, "इंजिन कव्हर टाकू का मॅडम? अकराशे वाढतील." मी विचारलं, "ते कशाला?" तो म्हणाला, "पूरबीर आला तर लागतं." आमचं घर नदीपासून लांब आणि उंचावर. मी नको म्हटलं. संवाद संपला, वीस सेकंदांत. ऑइल गळून इंजिन बसलं तर हेच कव्हर कामाला येतं, हे त्याने सांगितलं नाही. कदाचित त्यालाही ठाऊक नसावं. त्या कव्हरलाही अटी असतात, गाडी जुनी झाली की अनेक कंपन्या ते देतही नाहीत. पण निदान काय नाकारतो आहोत हे कळून तरी मी नाकारलं असतं.

पुराचं बोलायचं तर तो अनुभवही आमच्या कुटुंबात आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा दादाची गाडी दारात काचेपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर त्याच्या ओळखीच्या फिटरने एकच सांगितलं, "चावीला हात लावू नका." दादाने बॅटरीची वायर काढली, फोटो काढले, कंपनीला कळवलं आणि गाडी टोचन लावून नेली. क्लेम मिळाला, कारण पूर यादीत आहे. समोरच्या घरातल्या काकांनी 'चालू होते का बघू' म्हणून सेल्फ मारला. सिलिंडरमध्ये पाणी होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. कंपनीने सीट, वायरिंग, साफसफाई मान्य केली आणि इंजिन नाकारलं: पूर तुमच्या दारात आला, पण चावी तुम्ही फिरवलीत. गल्ली तीच, पाणी तेच. फरक एका चावीचा.

ही एक ओळ, 'बुडालेली गाडी सुरू करून पाहू नका', दर मे महिन्यात प्रत्येक गाडीमालकाच्या फोनवर मराठीत पाठवायला कंपन्यांना किती खर्च येईल? हप्ता थकला की दिवसाला तीन मेसेज येतात. तेव्हा भाषेची अडचण येत नाही, वेळेचीही नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. विम्याने सगळं द्यावं असं नाही. काय देणार नाही ते विकताना सांगावं, सर्व्हेअरच्या तोंडून नव्हे. पॉलिसीच्या पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत, ग्राहकाच्या भाषेत दहा ओळी असाव्यात: इंजिन आतून बिघडलं तर पैसे मिळत नाहीत, लाल दिवा लागल्यावर चालवली तर मिळत नाहीत, पाण्यात सुरू केली तर मिळत नाहीत. त्याखाली ग्राहकाची सही घ्यावी. गॅसच्या टाकीवर सूचना मराठीत असू शकतात, तर लाखाच्या पॉलिसीवर का नाहीत?

ज्यांची चूक नसताना क्लेम नाकारला गेला आहे, त्यांनी मात्र माझ्यासारखं गप्प बसू नये. नकार तोंडी घेऊ नका. कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा. सर्व्हेअरने पाहण्याआधी इंजिन खोलू देऊ नका, खोललं की पुरावा गेला. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुण्यात आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात. फक्त नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवं. ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे.

आणि आज संध्याकाळी एक काम करा. गाडीच्या डॅशबोर्डातलं ते पुस्तक पिशवीतून काढा आणि लाल दिव्यांचं पान घरात जो-जो गाडी चालवतो त्याला दाखवा. माझ्या नववीच्या वर्गात यंदा घर्षणाच्या धड्याला ते पान झेरॉक्स करून वाटलं. चाळीस मुलांपैकी तिघांना त्या दिव्याचा अर्थ माहीत होता. तिघांचेही वडील ट्रक चालवतात.