आषाढ सोसणारी बाग

शोभिवंत झाडांची निवड बहुतेक ठिकाणी उन्हाच्या आणि थंडीच्या मानाने केली जाते. महाबळेश्वरात मात्र ती पावसाच्या मानाने करावी लागते, आणि हे ध्यानात न घेतल्यामुळेच येथील कित्येक बंगल्यांच्या बागा मे महिन्यात बहरलेल्या आणि गणपतीच्या सुमारास उजाड दिसतात. सुमारे १,३५० मीटर उंचीच्या या पठारावर वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. येथून वीस किलोमीटरही दूर नसलेल्या पाचगणीत त्याच्या निम्म्याहून कमी पडतो, त्यामुळे पाचगणीच्या बागेत जे झाड सुखाने नांदते ते महाबळेश्वरात नांदेलच असे नाही.

या गैरसमजाचे मूळ गावाच्या स्थापनेतच आहे. १८२४ मध्ये लॉडविक हा लष्करी अधिकारी या डोंगरावर चढून गेला, १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याकडून हे ठिकाण मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने मिळवले आणि माल्कम पेठ वसली. परंतु येथे येणारे अधिकारी आणि त्यांची कुटुंबे उन्हाळ्यात येत आणि पाऊस लागण्यापूर्वी उतरून जात. त्यांच्या कल्पनेतील बाग ही मायदेशाची आठवण करून देणारी, एप्रिल-मे महिन्यांपुरती बाग होती. पावसाळ्यातली बाग पाहिली ती बंगल्याच्या भिंतींना गवताच्या तट्ट्या बांधून मागे राहिलेल्या माळ्यांनी. आजचे मुंबई-पुण्याचे बंगलेमालकही मेमध्ये आणि दिवाळीत येतात, त्यामुळे रोपवाटिकेतून काय आणावे हे अजूनही आषाढ न पाहिलेलेच लोक ठरवतात!

आषाढाच्या कसोटीवर सर्वांत खरे उतरते ते मूळचे जपानचे हायड्रेंजिया. सावली, गारवा आणि ओल या त्याच्या तिन्ही गरजा येथे आपोआप भागतात. त्याच्या डोक्याएवढ्या गुच्छात पाकळ्यांसारखे जे दिसते ती वस्तुतः निदले, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दले, असतात. ती पाकळ्यांपेक्षा चिवट असल्यामुळे उन्हाळ्याच्या अखेरीस उमललेला गुच्छ पावसातही टिकतो आणि हळूहळू हिरवट होत जातो. त्याच्या रंगाचे कोडे तर या भूमीच्या घडणीशीच जोडलेले आहे. अतिवृष्टीच्या प्रदेशात पाणी मातीतील चुना आणि तत्सम विरघळणारे क्षार खाली वाहून नेते, या क्रियेला निक्षालन म्हणतात. मागे लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे उरतात व त्यांतून जांभा दगड आणि तांबडी आम्लधर्मी माती तयार होते. आम्लधर्मी मातीत ॲल्युमिनियम विरघळून मुळांना मिळते, ते निदलांतील रंगद्रव्याशी जोडले जाते आणि गुच्छ निळा होतो. तेच झाड चुन्याच्या किंवा सिमेंटच्या जोत्यालगत लावले, तर भिंतीतून झिरपणाऱ्या चुन्यामुळे मातीची आम्लता घटते आणि गुच्छ गुलाबी होतो. पांढऱ्या जाती मात्र या हिशेबात येत नाहीत, कारण त्यांत हे रंगद्रव्यच नसते. या झाडाच्या बाबतीत माळ्याकडून होणारी नेहमीची चूक छाटणीची आहे: पुढील वर्षाच्या कळ्या आदल्या हंगामातील फांदीवरच धरल्या जातात, त्यामुळे गुच्छ वाळताच छाटणी उरकली पाहिजे, दिवाळीनंतर कात्री चालवली, तर फांद्यांबरोबर पुढचा बहरही कापला जातो.

फुशियाची गोष्ट थोडी निराळी आहे. मुख्यतः मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील हे झुडूप दमट गारव्यातलेच असून त्याचे फूल खाली तोंड करून लोंबते, त्यामुळे त्यात पाणी साचत नाही. परंतु त्याची मुळे साचलेल्या पाण्यात कुजतात, म्हणून त्याची जागा व्हरांड्याच्या छपराखाली टांगलेल्या कुंडीत. जिरेनियम या नावाने विकले जाणारे पेलार्गोनियम हे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील, मांसल खोडाचे झाड. ते उघड्यावर एक श्रावणही काढू शकत नाही, आणि जाणता माळी पाऊस लागण्यापूर्वीच त्याच्या फांद्यांचे तुकडे कुंडीत रोवून ओसरीत ठेवतो.

डेलिया हे मेक्सिकोच्या डोंगराळ भागातील कंदवर्गीय फूलझाड. १७९१ मध्ये माद्रिद येथील वनस्पतिशास्त्रज्ञ काव्हानिलेस याने स्वीडनच्या आंद्रेस डाल याच्या नावावरून त्याचे नामकरण केले. कंद पाणथळ मातीत सडतात, म्हणून ते पाऊस ओसरल्यावर, स्ट्रॉबेरीची रोपे लावली जातात त्याच सुमारास आणि तशाच उंच गादीवाफ्यांवर लावणे श्रेयस्कर. बहर संपला की कंद काढून पुढील पावसाळाभर कोरड्या वाळूत जपावे लागतात. गुलाबाचा शत्रू पाण्यापेक्षाही ओले पान हा आहे. पानांवर काळे ठिपके पाडणाऱ्या बुरशीला रुजण्यासाठी पान काही तास सतत ओले असावे लागते, आणि येथील धुक्यात ते दिवसचे दिवस ओले राहते. म्हणून ऑक्टोबरात छाटणी करून हिवाळा-उन्हाळ्यात फुले घ्यावीत आणि पावसातल्या निष्पर्ण गुलाबाकडे पाहून हळहळू नये.

थंडीचा प्रश्न त्या मानाने छोटा आहे. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याच्या परिसरात दव गोठते, कारण निरभ्र रात्री गार झालेली जड हवा उतारावरून घरंगळत सखल जागी साचते. अशा जागी बेगोनिया आणि फुशिया रात्री झाकले म्हणजे पुरते.

या सर्व परदेशी पाहुण्यांची सरबराई चालू असताना कुंपणापलीकडे काय उगवते याकडे बागकाम करणाऱ्यांचे लक्ष क्वचितच जाते. तेरडा, सोनकी, रानहळद, कळलावी या वनस्पतींचा बहर पावसातच असतो. भाद्रपदात गौर म्हणून ज्याची रोपे घरात आणून पुजली जातात त्या तेरड्याला बागेतल्या वाफ्यात मात्र स्थान नसते, आणि त्याचाच पूर्व आफ्रिकेतील भाऊबंद पैसे देऊन कुंडीत आणला जातो. ही अभिरुची विचित्रच म्हटली पाहिजे. कारवीसारखे सात वर्षांनी एकदा फुलणारे झुडूप बागेत लावण्याचा धीर कोणाला नसला तर ते समजण्यासारखे आहे. तेरडा तर पेरल्या वर्षीच फुलतो.

शोभेसाठी आणलेले प्रत्येक झाड कुंपणाच्या आत राहते असेही नाही. अमेरिका खंडातील घाणेरी बागेची शोभा म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भारतात आणली गेली, पाखरांनी तिची फळे खाऊन बी सर्वत्र टाकले, आणि आज सह्याद्रीच्या उतारांवर तिच्या जाळ्या स्थानिक झुडपांची जागा अडवून बसल्या आहेत. हायड्रेंजियाच्या भरगच्च गुच्छांतली बहुतेक फुले वांझ असल्यामुळे ते असे पसरत नाही. पण त्याच वांझपणामुळे मधमाशीलाही त्यातून फारसे काही मिळत नाही. जांभूळ, हिरडा, गेळा आणि कारवी यांवर जगणाऱ्या सातेरी माश्यांच्या मधासाठी ख्यात असलेल्या आणि २०२२ मध्ये मांघरच्या रूपाने देशातले पहिले मधाचे गाव ठरवलेल्या या तालुक्यात बागेने माश्यांना इतके वाऱ्यावर सोडणे बरे नव्हे.

ज्यांच्याकडे जागा थोडी आहे त्यांनी घराच्या सावलीच्या बाजूस हायड्रेंजिया लावावे आणि उन्हाची पट्टी तेरडा व सोनकीसाठी मोकळी ठेवावी. तेरड्याची पिकलेली बोंडे हात लागताच फुटतात, म्हणून ती तडकण्याच्या बेतात असताना मुठीत धरून खुडावीत, बी कोरड्या जागी ठेवावे आणि पुढच्या वर्षी पहिल्या पावसावर पेरावे. रानातली ऑर्किडे आणि कंद मात्र कोणीही उपटून आणू नयेत. महाबळेश्वर-पाचगणीचा हा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे.