डबी घेण्याआधी

नागपूरहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या परिचारिका आहेत, पती खाजगी कंपनीत नोकरीस आहेत. दोघांनी पगारातून बाजूला काढून गेल्या चार वर्षांत थोडे थोडे बिटकॉइन आणि इथर घेतले. आज त्याची किंमत पावणेतीन लाखांच्या आसपास आहे, असे त्या लिहितात. नाणी एका एक्स्चेंजच्या मोबाईल अ‍ॅपवर आहेत. पती म्हणतात, आता हार्डवेअर वॉलेट घेऊ. भगिनीचे विचारणे दोनच ओळींचे आहे. पहिले वॉलेट कोणते घ्यावे? आणि उद्या ह्यांना काही झाले तर मला ते उघडता येईल का?

विकणारा पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच देतो. दुसरा प्रश्न त्याला कोणी विचारत नाही. आपण दोन्ही घेऊ.

ही नाणी घ्यावीत की नाही, हा आजचा विषय नाही. मुलांच्या फीचे, घरभाड्याचे, आजारपणाचे पैसे यात घालू नयेत, एवढे आमचे मत सांगून ठेवतो. पण ज्यांनी घेतली आहेत त्यांची ती कष्टाची कमाई आहे, आणि ती चोराच्या हाती जाऊ नये यासाठी हा लेख.

अ‍ॅपवर नाणी दिसतात, म्हणजे ती आपल्या ताब्यात आहेत असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात चावी एक्स्चेंजकडे असते, आपले नाव फक्त त्यांच्या वहीत असते. जपानमधील माउंट गॉक्स २०१४ मध्ये बुडाले, एफटीएक्स नोव्हेंबर २०२२ मध्ये. आपल्याकडे १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्सच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची नाणी चोरीस गेली आणि ग्राहकांना आपली नाणी काढणे बंद झाले. सिंगापूरच्या न्यायालयात पुनर्रचनेची योजना मंजूर होऊन व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. या नाण्यांना तसे काही नाही. तेव्हा पतीराजांचे म्हणणे चुकीचे नाही.

आता ही डबी म्हणजे काय ते पाहू. हार्डवेअर वॉलेट म्हणजे काडेपेटीएवढे किंवा त्याहून थोडे मोठे यंत्र. त्याला छोटा पडदा आणि एक-दोन बटणे असतात. पुष्कळांना वाटते की नाणी त्याच्या आत भरलेली असतात. तसे नाही. कोणाकडे किती नाणी आहेत याची वही जगभरच्या हजारो संगणकांवर उघडी असते. डबीत असते ती फक्त आपली गुप्त चावी, म्हणजे सहीचा शिक्का म्हणा. नाणी कोणाला पाठवायची असली की मोबाईल किंवा संगणक तसा कागद तयार करून डबीकडे देतो. डबी आतल्या आत शिक्का मारून कागद परत देते. शिक्का काही बाहेर येत नाही. त्यामुळे संगणकात चोर शिरलेला असला तरी चावी त्याच्या हाती लागत नाही.

आणि डबी हरवली, पाण्यात पडली, लहान मुलाने फोडली तर? घाबरू नये. डबी प्रथम सुरू करताना ती पडद्यावर इंग्रजी शब्द दाखवते, बहुधा १२ किंवा २४. हे शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून निघतात. ते ओळीने लिहून ठेवले की नवीन डबी आणून, तेच शब्द त्याच क्रमाने घालून, सर्व नाणी पुन्हा दिसतात. याचा उलटा अर्थही तितकाच खरा. ते शब्द ज्याने वाचले त्याला तुमच्या डबीची गरजच नाही. तो दिल्लीत बसून किंवा दुबईत बसून नाणी नेऊ शकतो. डबी सहा-सात हजारांची आणि शब्दांचा कागद पावणेतीन लाखांचा, असा हा हिशेब आहे.

एवढे समजले की निवड सोपी होते. आपल्याकडे दहा-पंधरा हजारांचीच नाणी असतील तर डबीवर इतका खर्च करण्यात फारसा अर्थ नाही. त्याहून अधिक असतील तर आधी आपली नाणी कोणती आहेत ते कागदावर लिहावे. कॅनडातील कोल्डकार्ड फक्त बिटकॉइनसाठी आहे. चांगली आहे, पण आपल्या भगिनीकडे इथरही आहे, त्यांना ती पुरणार नाही. दुसरे, आपल्या अ‍ॅपवर नाणी बाहेर पाठवण्याची सोय आहे का हे डबी घेण्याआधी तपासावे. सगळीकडे ती नसते. तिसरे, घरी आयफोन वापरत असाल तर तो डबीशी जुळतो का हे पाहावे, कारण वायरीने जोडायच्या काही डब्या आयफोनवर चालत नाहीत.

बाजारात जुनी आणि परिचयाची नावे दोन आहेत. प्राग शहरातील सातोशीलॅब्ज या कंपनीने २०१४ मध्ये ट्रेझर आणले, ते या प्रकारातले पहिले. फ्रान्सची लेजर कंपनीही त्याच साली निघाली. ट्रेझरची आज्ञावली उघडी आहे, जाणकार ती वाचून दोष काढू शकतात. मात्र तिच्या जुन्या नमुन्यांत खास सुरक्षा चिप नव्हती. क्रॅकेन या एक्स्चेंजच्या तपासनिसांनी २०२० मध्ये दाखवून दिले की असे यंत्र हाती आले तर सुमारे पंधरा मिनिटांत त्यातली चावी काढता येते. २०२३ मध्ये आलेल्या ट्रेझर सेफ ३ मध्ये सुरक्षा चिप घातली आहे. लेजरमध्ये अशी चिप पूर्वीपासून आहे, पण तिच्या आत चालणारी आज्ञावली पूर्ण उघडी नाही. त्यात २०२३ मध्ये लेजरने शब्दांचे तुकडे करून तीन कंपन्यांकडे ठेवण्याची ऐच्छिक सेवा जाहीर केली, तेव्हा ग्राहकांत मोठा गदारोळ झाला. चावी बाहेर येत नाही म्हणूनच तर डबी घेतली, असे लोक म्हणू लागले. त्यात तथ्य होते.

भारतात स्थापन झालेली सायफरॉक ही कंपनीही डबी बनवते. तिच्यात चावीचे भाग करून ते एक यंत्र आणि चार कार्डे यांत ठेवतात. कल्पना चांगली आहे, पण पहिल्याच खेपेस पाच वस्तू सांभाळणे सर्वांना जमेलच असे नाही.

आमच्या मते पहिली डबी साधी असावी. वायरीने जोडायची, स्वतःचा पडदा असलेली, ट्रेझर सेफ ३ किंवा लेजर नॅनो एस प्लस यांसारखी. दोहोंत आमचा कौल ट्रेझरला, उघड्या आज्ञावलीमुळे. पण लेजर घेतल्याने कोणी बुडाला असे समजू नये. ब्लूटूथ, रंगीत पडदा, बोटाने सरकवणे या गोष्टींसाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजण्याची गरज नाही.

पडद्याचे महत्त्व मात्र ओळखावे. चोराने संगणकावर दिसणारा पत्ता बदलला तरी डबीच्या पडद्यावर खरा पत्ता दिसतो. म्हणून बटण दाबण्याआधी तिथला पत्ता वाचायचा असतो, पहिली चार अक्षरे पाहून सोडून द्यायचे नसते. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे १५० कोटी डॉलरची चोरी झाली. तेथील अधिकाऱ्यांकडे डब्या होत्याच! संगणकावर व्यवहार ठीक दिसत होता, डबीवर तो नीट वाचता येण्यासारखा नव्हता, आणि त्यांनी सह्या केल्या. कोरा कागद समोर आला तर आपल्या आज्या अंगठा उठवायला नकार देत. इथेही तेच करावे.

डबी कोठून घ्यावी यात हयगय नको. कंपनीकडून थेट घ्यावी, किंवा कंपनीने आपल्या यादीत ज्याचे नाव दिले आहे त्या विक्रेत्याकडून. वापरलेली डबी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. परदेशातून कोणी ओळखीचा आणून देतो म्हणाला तर नम्रपणे नको म्हणावे. २०२३ मध्ये कॅस्परस्की कंपनीने एक प्रकरण उघड केले. एका माणसाने जाहिरात पाहून ट्रेझर घेतले. वेष्टन, चकाकणारी मोहोर, सारे व्यवस्थित. आतली चिप मात्र बदललेली होती. ते यंत्र नवे शब्द तयार करण्याऐवजी चोरांनी आधीच ठरवलेल्या वीस संचांपैकी एक दाखवत होते. त्याचे १.३३ बिटकॉइन गेले. खोक्यात शब्द आधीच लिहिलेले कार्ड निघाले तर ती डबी वापरूच नये. शब्द आपल्या समोर, आपल्या डबीच्या पडद्यावरच उमटले पाहिजेत.

खरेदी करताना दिलेला पत्ता आणि फोन नंबरही फुटू शकतो. लेजरच्या लाखो ग्राहकांची नावे-पत्ते २०२० मध्ये बाहेर पडले. पुढच्या वर्षी काहींच्या घरी टपालाने बनावट डब्या आल्या, आणि २०२५ मध्ये कंपनीच्या नावाने पत्रे आली की सुरक्षिततेसाठी तुमचे शब्द भरा. कंपनी असो, बँक असो, व्हिडिओ कॉलवर पोलीस म्हणवणारा असो, शब्द मागणारा प्रत्येक जण चोर समजावा.

आता शब्दांच्या कागदाकडे वळू. ते पेनाने, ठळक इंग्रजी अक्षरांत, क्रमांक घालून लिहावेत. मोबाईलने फोटो काढू नये. तो फोटो आपोआप कोठे कोठे जाऊन साठतो हे आपल्याला कळतही नाही. स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवणे हाही त्यातलाच प्रकार. कागदाचे शत्रू आपल्या घरात अनेक आहेत. पावसाळ्याची ओल, वाळवी आणि दिवाळीच्या साफसफाईत येणारा रद्दीवाला. म्हणून पुष्कळ जण स्टीलच्या पट्टीवर शब्द कोरून ठेवतात. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरे कोरली तरी चालते, कारण यादीतले कोणतेही दोन शब्द त्या चार अक्षरांत सारखे नाहीत. मात्र भांड्यांवर नाव घालून देणाऱ्याकडे ही पट्टी नेऊ नये! ठोकायचे अक्षरांचे संच मिळतात, घरीच बसून करावे.

काही जण १२ शब्द माहेरी आणि १२ सासरी ठेवतात. हुशारी वाटते, पण दोहोंपैकी एका घरचा कागद हरवला की सगळेच गेले. त्यापेक्षा पूर्ण शब्दांच्या दोन प्रती कराव्यात, एक घरात बंद जागी आणि एक दोघांच्या नावे असलेल्या बँक लॉकरमध्ये. ट्रेझरच्या नव्या डब्या २० शब्द देतात. ती पद्धत वेगळी आहे, सर्व कंपन्यांच्या डब्यांत चालत नाही, हे त्याच कागदावर लिहून ठेवावे. शब्दांखेरीज आणखी एक स्वतःचा परवलीचा शब्द जोडण्याची सोयही असते. पहिल्या वर्षी तिच्या वाटेला जाऊ नये. तो शब्द विसरला तर कोणीही परत आणून देऊ शकत नाही.

आणि आता भगिनीचा दुसरा प्रश्न. बँकेत वारस नेमता येतो, भविष्य निर्वाह निधीत नेमता येतो. डबीत तशी जागाच नाही. मृत्यूचा दाखला आणि वारस दाखला हाती असून उपयोग काय, तो घेऊन जायचे कोणाकडे? डिसेंबर २०१८ मध्ये कॅनडातील क्वाड्रिगासीएक्स या एक्स्चेंजचा तरुण प्रमुख आपल्या जयपूर शहरात आजारी पडून वारला. चाव्या त्याच्या एकट्याकडे होत्या, त्या त्याच्याबरोबर गेल्या, असे ग्राहकांना सांगण्यात आले. पुढे २०२० मध्ये ओंटारिओच्या रोखे आयोगाने चौकशीअंती जाहीर केले की मोठी रक्कम त्याने आधीच अफरातफरीत घालवली होती. पण सुरुवातीला हजारो लोकांनी ती चाव्यांची गोष्ट खरी मानली, कारण तसे घडणे अगदी शक्य असते.

आपल्या घरात काय चालते ते आपण जाणतो. पैशाचे कागद हे पाहतात, तुला काय कळते त्यातले, असे म्हणून बाई माणसाला दूर ठेवले जाते. मग एक दिवस तिच्यासमोर पासबुके पडतात आणि तिला आकडा माहीत नसतो, शाखा माहीत नसते. पासबुकाचे निदान बँकेत जाऊन विचारता येते. इथे विचारायला खिडकी नाही. म्हणून डबी सुरू करताना दोघांनी शेजारी बसावे. शब्द एकाने वाचावेत, दुसऱ्याने लिहावेत. पिन दोघांना माहीत असावा. चुकीचा पिन लेजरमध्ये तीनदा आणि ट्रेझरमध्ये त्याहून अधिक पण ठरावीक वेळा घातला की डबी स्वतःला पुसून टाकते. त्याने नाणी जात नाहीत, शब्द घातले की परत येतात, हेही दोघांना ठाऊक असावे.

नाणी पाठवण्याआधी एक तालीम जरूर करावी. रिकामी डबी मुद्दाम पुसून टाकावी आणि लिहिलेल्या कागदावरून पुन्हा उभी करावी. हे काम पत्नीने एकटीने करावे, पतीने शेजारी गप्प बसावे. जिथे अडेल तिथला कागद सुधारावा. मग अगदी थोडी रक्कम पाठवून पाहावी. एक्स्चेंज नेटवर्क कोणते असे विचारते, तिथे डबीवरच्या पत्त्याचेच नेटवर्क निवडावे. ती पोचली की उरलेली दोन-तीन हप्त्यांत पाठवावी. याखेरीज एक साधे पत्र लिहून घरच्या कागदपत्रांत ठेवावे. डबी कोणती, अ‍ॅप कोणते, शब्दांचा कागद कोठे आहे, आणि अडचण आल्यास नात्यातल्या कोणाला विचारायचे. शब्द मात्र या पत्रात नकोत, मृत्युपत्रातही नकोत, कारण ते अनेकांच्या हातून फिरते.

आपल्याच खात्यातून आपल्याच डबीत नाणी नेणे ही विक्री नव्हे. पण पुढे कधी विकली तर नफ्यावर ३० टक्के कर आहे, २०२२ पासून. तेव्हा खरेदीच्या भावाची माहिती लागते, म्हणून अ‍ॅपवरील सर्व व्यवहारांची नोंद नाणी हलवण्याआधीच छापून घ्यावी. कराविषयी आणखी दोन पत्रे आली आहेत, त्यांना पुढील अंकी उत्तर देऊ.