चावी ओळखीची हवी

मागच्या महिन्यात आमच्या घरी एक चावी हरवली. चावी ती काय, हरवते, सापडते. पण या चावीने नऊ दिवस घर हलवून सोडलं आणि मला एका पोरासमोर मान खाली घालायला लावली. म्हणून या वेळी स्वयंपाकघर बाजूला ठेवून चावीबद्दलच लिहिते.

आमची गाडी जुनी, २००८ सालची. सासऱ्यांनी घेतलेली. ते गेल्यापासून ती मुख्यतः एकाच कामाला लागते: अम्मींना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचं आणि आणायचं. रविवारी नणंदेच्या मुलीचा निकाह होता. घरात पाहुणे, चुलीवर डेग, गाडीच्या दहा फेऱ्या. सोमवारी सकाळी अम्मींना न्यायचं म्हणून चावी शोधली, तर खुंटीवर नाही.

मला काळजी वाटली नाही. सासऱ्यांच्या कपाटात दुसरी चावी होतीच. मोठ्याने ती लावली. दरवाजा उघडला, स्टिअरिंगही सुटलं, स्टार्टर फिरला. इंजिन मात्र एक आचका देऊन बंद. पुन्हा तेच. कोणी म्हणालं बॅटरी, कोणी म्हणालं पेट्रोल संपलं. तासभर सगळे गाडीभोवती. शेवटी शेजारच्या भाईजाननी आपल्या गाडीतून अम्मींना नेलं. दुपारी मेकॅनिक आला, त्याने डॅशबोर्डवर लुकलुकणारा लाल दिवा पाहिला आणि म्हणाला, "भाभी, गाडीला काही झालेलं नाही. ती या चावीला ओळखत नाही."

झालं होतं असं. आपल्या गाड्यांत बऱ्याच वर्षांपासून चोरीविरोधी यंत्रणा असते, तिला इमोबिलायझर म्हणतात. चावीच्या काळ्या प्लॅस्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी किंवा थोडी मोठी चिप बसवलेली असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. चावी लावून फिरवली की कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला वीज मिळते, ती आपला नंबर सांगते आणि गाडीचा कॉम्प्युटर तो पडताळतो. नंबर जुळला नाही की इंजिनचं पेट्रोल किंवा ठिणगी तो तोडतो. युरोपात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली. त्याआधी १९८६ साली अमेरिकेत कॉर्व्हेट गाडीच्या चावीत एक छोटा विद्युतरोधक बसवत. त्याची पंधरा वेगवेगळी मूल्यं होती, म्हणजे चोराला पंधरांपैकी एक बरोबर लागायला हवी. आताच्या चिपचे नंबर मोजता येणार नाहीत इतके आहेत.

कपाटातली चावी सासऱ्यांनी कधीतरी बाजारातल्या चावीवाल्याकडून घासून घेतलेली होती. दात बरोबर, म्हणून कुलूप उघडलं. डोक्यात चिप नाही, म्हणून इंजिन नाही. पंधरा वर्षं आम्ही समजत होतो की आपल्याकडे दोन चाव्या आहेत. खरं तर एकच होती.

एक तरी चालणारी चावी हातात असती, तर काम सोपं होतं. चावीवाल्याकडे यंत्र असेल तर काही गाड्यांच्या चिपची नक्कल तो तासाभरात करून देतो. चालणारी एकही नसली की वर्कशॉपकडेच जावं लागतं, किंवा कॉम्प्युटर घेऊन घरी येणारा जाणकार शोधावा लागतो. वर्कशॉपने आरसी बुक, गाडी ज्यांच्या नावावर त्यांचं ओळखपत्र आणि विम्याची प्रत मागितली. गाडी आता यांच्या नावावर केलेली होती म्हणून निभावलं. ती अजून सासऱ्यांच्या नावावर असती तर किती खेटे घालावे लागले असते! चासी नंबरवरून चावी मागवली, ती यायला नऊ दिवस. गाडी टोइंगने नेली. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला यंत्र जोडून नवी चावी "शिकवायला" वीस मिनिटं लागली. सगळा खर्च सात हजारांच्या घरात गेला. गाडीप्रमाणे तो कमीजास्त होतो. तिथल्या कारागिराने एक चांगलं केलं. जुन्या चावीचा नंबर कॉम्प्युटरमधून पुसून टाकला. आता ती कोणाला सापडली तरी दरवाजा उघडेल, गाडी चालू होणार नाही. नुसती नक्कल केली तर हे होत नाही, हरवलेली चावी चालतच राहते.

आता माझी गोष्ट. त्या नऊ दिवसांत माझ्या मनात एक नाव घोळत होतं. रविवारी सकाळी गाडी धुवायला येणाऱ्या पोराच्या हातात मीच चावी दिली होती. मी त्याला एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्याच्या आईदेखत विचारलं. तो म्हणाला, "चाची, मी तुमच्या हातात परत दिली." मी गप्प राहिले, पण माझा चेहरा गप्प नव्हता. तो दुसऱ्या दिवसापासून यायचा थांबला.

नवी चावी आल्यावर चौथ्या दिवशी तांदळाच्या डब्याच्या तळाशी मापट्याला काहीतरी लागलं. चावी! निकाहच्या दिवशी बिर्याणीचे तांदूळ मोजताना हातातली चावी माझ्याच हातून आत गेली असणार. मोठ्याने ती गाडीला लावून पाहिली. दार उघडलं, इंजिन नाही. गाडीने तिला ओळख दाखवली नाही. वर्कशॉपने ती पुन्हा शिकवून दिली आणि आता आमच्याकडे खरोखर दोन चाव्या आहेत. त्या पोराच्या घरी मात्र मी स्वतः गेले. त्याच्या आईसमोर विचारलं होतं, म्हणून माफीही तिच्यासमोरच मागितली. पोरगा पुन्हा येतो. पण चावी आता माझ्या हातात देत नाही, खुंटीला लावून मला दाखवतो. बदगुमानीची किंमत सात हजारांत बसत नाही.

तुमच्यासाठी एवढं करा. आजच दुसरी चावी काढून तिने इंजिन चालू करून पाहा. गाडीबरोबर चावीच्या नंबरची पट्टी किंवा कार्ड मिळालं असेल तर ते गाडीत न ठेवता घरच्या कागदपत्रांत ठेवा. जुनी गाडी विकत घेताना दोन्ही चाव्या मागा आणि बाकीच्या पुसून घ्या. चावीचं कव्हर बदलताना जुन्या कव्हरातली चिप काढून घेतली का, ते बघा. बरेच जण ती कचऱ्यात टाकतात. चावी हरवली की पोलिसांकडे नोंद करून पावती जपा, कारण पुढे गाडी चोरीला गेलीच तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. विम्यात चावीचं वेगळं संरक्षणही घेता येतं, नूतनीकरणाच्या वेळी विचारा.

आणि कोणावर बोट दाखवण्याआधी तांदळाचा डबा एकदा तळापर्यंत बघा.