तारे टिपणारा कॅमेरा आणि मालाचा ऐब

गेल्या थंडीत काळ्या जॉर्जेटच्या नमुन्यांचे फोटो एका जुन्या गिऱ्हाइकाला पाठवले. लगेच फोन आला, “भाई, काळा मागितला होता, हा मरून का दाखवता?” ठाण उघडून पाहिले तर कापड काळेकुट्ट. ऐब कापडात नव्हता, कॅमेऱ्यात होता. पुतण्याने तो आकाशाचे फोटो काढण्यासाठी घरीच उघडून बदलला होता. विचारले तर म्हणतो, “चाचा, तुम्ही विचारलंच कुठे?”

हा काय प्रकार आहे ते व्यापारी बंधूंनी समजून घ्यावे. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरला डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाशही दिसतो. रंग बिघडू नयेत म्हणून कंपनी त्यावर गाळणीची काच बसवते. पण ही काच जाता जाता गडद लालही अडवते. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघातील हायड्रोजनचा प्रकाश नेमका त्याच लाल रंगाचा, ६५६ नॅनोमीटरचा. तो जेमतेम चौथा हिस्सा आत पोचतो. म्हणून हौशी लोक ती काच काढतात. चंद्र किंवा गुरू-शनीचे फोटो काढणाऱ्याने या भानगडीत पडण्याचे कारण नाही.

कॅननने २००५, २०१२ व २०१९ मध्ये आणि निकॉनने २०१५ मध्ये असे कॅमेरे स्वतःच काढले होते. ती मॉडेले आता बंद आहेत. दुसरीकडे लग्नाचे फोटो काढणारे नव्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळले आणि जुने डीएसएलआर कपाटात पडून आहेत. माझे मत असे की, घड्याळ किंवा मोबाईल दुरुस्त करणाऱ्या आपल्या कारागिरांनी हा हुनर शिकावा. बारीक स्क्रू आणि रिबन केबल हाताळायची त्यांना सवय आहेच.

पण हे काम दिसते तितके सोपे नाही. बॅटरी काढली तरी फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट राहू शकतात, झटका जबर बसतो. धुळीचा एक कण काचेमागे राहिला तर प्रत्येक फोटोत डाग. काच काढून जागा रिकामी ठेवली तर ऑटोफोकस चुकतो आणि काही लेन्स ताऱ्यांवर फोकसच होत नाहीत. योग्य जाडीची दुसरी काच हवी. कॅननच्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये दोन काचा असतात. त्यातली मागची तेवढी काढली तर इन्फ्रारेड अडलेलाच राहतो आणि हायड्रोजनचा लाल मोकळा होतो. पुतण्याने दोन्ही काढल्या. काळ्या रंगाचे पुष्कळ कृत्रिम कापड इन्फ्रारेड परत फेकते, म्हणून माझे जॉर्जेट मरून झाले.

लायकासारख्या कंपनीच्या २००६ च्या एम८ कॅमेऱ्यातही काळे कापड जांभळट यायचे. तिने ग्राहकांना लेन्सवर लावायच्या काचा दिल्या, म्हणजे ऐब कबूल केला. आपल्या कारागिरानेही गिऱ्हाइकाला आधीच सांगावे की वॉरंटी गेली, रोजचे रंग बिघडणार आणि पुन्हा पहिल्यासारखा करणे खर्चाचे. असा कॅमेरा पुढे विकणाऱ्याने तर हे बिलावरच लिहावे. न सांगता विकणे म्हणजे फाटके ठाण घडीत लपवून देणे.

मीही आता इन्फ्रारेड रोखणारी काच लेन्सवर लावून घेतली आहे. फोटोत काळा पुष्कळसा काळा येतो. ते गिऱ्हाईक मात्र अजून ठाण हातात घेतल्याशिवाय ऑर्डर देत नाही.