तिकिटाचे तास, बॅटरीचे तास

पोर्टेबल ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ऑक्सिजन बनवत नाही आणि साठवतही नाही. हवेत नायट्रोजन ७८ टक्के आणि ऑक्सिजन २१ टक्के असतो. यंत्रातला छोटा कॉम्प्रेसर ही हवा दाबून झिओलाइट नावाच्या खनिजाच्या दाण्यांतून नेतो. दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ९० टक्क्यांच्या आसपास शुद्ध ऑक्सिजन नळीवाटे नाकापर्यंत येतो. अशी दोन नळकांडी असतात. एकात हे काम चालू असताना दुसरे अडकलेला नायट्रोजन बाहेर टाकते. त्यामुळे सिलिंडर जसा संपतो तसे हे यंत्र संपत नाही. संपते ती बॅटरी. सीओपीडी हा श्वासमार्ग अरुंद करणारा जुनाट आजार किंवा फुप्फुसाचा फायब्रोसिस असलेल्या आणि ऑक्सिजनवर असलेल्या माणसाचा प्रवास ठरतो तो या बॅटरीवर.

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत कॉन्सन्ट्रेटर हा शब्द घरोघर पोहोचला. ते यंत्र मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारे, पंधरा किलोच्या आसपास वजनाचे, चाकांवर ढकलायचे आणि भिंतीतल्या प्लगला बांधलेले. खांद्याला अडकवायचे दोन-अडीच किलोचे यंत्र ही त्याचीच लहान आवृत्ती आहे असे समजणे ही पहिली चूक, आणि ती बहुतेक घरांत होते. घरचे यंत्र श्वास आत असो वा बाहेर, ऑक्सिजन अखंड सोडत राहते. खांद्यावरचे यंत्र बहुधा वाट पाहते: श्वास आत ओढल्याची चाहूल नळीतून लागली की ‘फुस्स’ असा बारीक आवाज होतो आणि एक झोत सुटतो. पुढचा श्वास येईपर्यंत काही नाही. त्यावर १, २, ३ असे आकडे असतात, पण ते लिटर नव्हेत. बाजारातल्या एका परिचित यंत्रात १ नंबरला मिनिटाला २१० मिलीलीटर आणि २ नंबरला ४२० मिलीलीटर ऑक्सिजन निघतो. घरी ‘दोन लिटर’ लागतो म्हणून येथे २ नंबर लावला की काम झाले, असे नाही. झोत श्वासाच्या सुरुवातीलाच मिळत असल्याने कमी ऑक्सिजनही पुष्कळांना पुरतो. सर्वांना पुरतोच असे नाही. बोटाला ऑक्सिमीटर लावून, त्याच यंत्रावर, बसून आणि चालून पाहणे हाच त्याचा पडताळा. झोपेत तोंड उघडे पडणाऱ्याचा श्वास यंत्राला कळत नाही आणि ते बीप-बीप करू लागते. रात्रीच्या प्रवासासाठी वेगळी सोय लागेल का, हे डॉक्टरांना आधीच विचारलेले बरे.

विमानात अडचण हवेचीच असते. केबिनमधला दाब फार तर आठ हजार फुटांवर असतो तितका ठेवलेला असतो. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्याही आत आहे. म्हणजे विमानातला माणूस त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर बसलेला असतो. तेथे श्वासातून मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीवरच्या १५ टक्के ऑक्सिजनइतकाच भरतो. जमिनीवर ऑक्सिजन न लागणाऱ्या रुग्णालाही त्यामुळे विमानात तो लागू शकतो. मोठ्या रुग्णालयांत १५ टक्के ऑक्सिजनची हवा सुमारे वीस मिनिटे श्वासातून देऊन हे आधी तपासता येते.

स्वतःचा सिलिंडर बहुतेक विमान कंपन्या आत नेऊ देत नाहीत. कॉन्सन्ट्रेटरला अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाने २००५ मध्ये पहिल्यांदा वाट करून दिली. २०१६ च्या नियमानुसार निकषांत बसणाऱ्या यंत्रावर तसे लाल अक्षरांत छापलेले असते. भारतातला प्रवास असला तरी कंपनी ते लेबल मागू शकते. दुसऱ्या लाटेत घाईघाईने मागवलेल्या काही स्वस्त यंत्रांवर ते नाही. यंत्र विकत घेतानाच उलटे करून पाहण्याची ही गोष्ट, विमानतळावर नव्हे. डॉक्टरांनी भरून द्यायचा मेडिफ नावाचा फॉर्म असतो. तो तिकीट काढल्याबरोबर मागवावा. आपत्कालीन दाराजवळची जागा या प्रवाशांना मिळत नाही. जादा बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात चालत नाहीत. हातातल्या बॅगेतच, टोके झाकून न्याव्या लागतात. शंभर वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला परवानगी लागत नाही, शंभर ते एकशे साठमधल्या दोनच, त्याही कंपनीला विचारून. बॅटरीवर फक्त व्होल्ट आणि अँपिअर-तास छापले असतील तर त्यांचा गुणाकार करावा: १४.४ गुणिले ६.८ म्हणजे साधारण ९८.

उड्डाणाच्या वेळेच्या दीडपट चालेल इतकी बॅटरी हवी, असा कंपन्यांचा सर्वसाधारण दंडक आहे. दंडक बरोबर आहे, पण तो विमानाचा हिशेब आहे, माणसाचा नव्हे. साताऱ्याहून निघून पुण्यातून दिल्लीला जाणाऱ्याच्या तिकिटावर सव्वादोन तास असतात, दीडपट म्हणजे साडेतीनच्या आत. प्रत्यक्षात घाट आणि पुण्यातली गर्दी धरून तीन तास गाडीत, दोन तास विमानतळावर, मग उड्डाण, आणि दिल्लीत उतरल्यावर सामान व टॅक्सी. घराच्या उंबऱ्यापासून मुक्कामापर्यंत नऊ तास सहज होतात. यंत्र गाडीतल्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालवता येते, म्हणून ते तीन तास वाचवायचे. त्या सॉकेटची वायर घरी राहिली तर सगळा हिशेब कोसळतो.

रेल्वेत वैद्यकीय प्रमाणपत्र असेल तर रुग्णाला सिलिंडरही नेता येतो. प्लगवर मात्र विसंबू नये: आगीच्या भीतीने अनेक गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवले जातात. रुग्णांसाठीच्या रेल्वेच्या भाडेसवलतीच्या यादीत कर्करोग, थॅलेसेमिया, डायलिसिस, क्षय, हिमोफिलिया आहेत. कायम ऑक्सिजनवर असलेला सीओपीडीचा रुग्ण नाही. ही यादी आता वाढायला हवी.

यंत्रालाही हवा मानवावी लागते. अशी बरीच यंत्रे ५ ते ४० अंश सेल्सिअस तापमानात आणि दहा हजार फूट उंचीपर्यंत चालण्यासाठी बनवलेली असतात. अकोला-चंद्रपूरचा मे महिना आणि सव्वाअकरा हजार फुटांच्या पुढचे केदारनाथ, दोन्ही या मर्यादेबाहेर. उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीत ते ठेवून देवळात जाणे हा तर बॅटरीचा नाश. देवळात किंवा लग्नात बरोबर नेले तर विस्तवापासून अंतर हवे. ऑक्सिजनने कपडे आणि केस भारलेले असतात. होमाची ठिणगी, कापुराची आरती, एरवी निरुपद्रवी निरांजनसुद्धा येथे धोक्याचे. नाक कोरडे पडते म्हणून व्हॅसलीन लावू नये, पाण्यावर आधारलेले जेल लावावे.

प्रवासाहून परतल्यावर यंत्र कपाटात ठेवून महिनोन्महिने विसरायचे नसते. झिओलाइट नायट्रोजनपेक्षाही ओलावा अधिक घट्ट धरतो, आणि कोकणातल्या पावसाळ्यात न वापरलेल्या यंत्राची नळकांडी त्यानेच निकामी होतात. ते अधूनमधून काही वेळ चालवावे लागते.