संदर्भ किती, यापेक्षा कशासाठी?

दरवर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन आयोनिडिस व सहकाऱ्यांनी तयार केलेली शास्त्रज्ञांची यादी जाहीर होते आणि ‘आमचे प्राध्यापक जगातील अव्वल दोन टक्क्यांत’ अशा बातम्या येऊ लागतात. त्यात वैद्यकीय संशोधकही असतात. अभिनंदन व्हायलाच हवे. पण ही यादी नेमके काय मोजते, हे बातमीत क्वचितच असते.

मोजले जातात ते संदर्भ, म्हणजेच ‘सायटेशन’. एका संशोधकाच्या शोधनिबंधाचा उल्लेख इतरांनी आपल्या निबंधांत किती वेळा केला, त्याची ही संख्या. त्यावरूनच भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये ‘एच-इंडेक्स’ सुचवला. एखाद्याचा एच-इंडेक्स २० असेल, तर त्याच्या किमान २० निबंधांना प्रत्येकी किमान २० संदर्भ मिळाले आहेत, असा त्याचा अर्थ. हिशेब सोपा असल्याने निवड समित्यांना तो आवडला.

पण संदर्भ म्हणजे पसंती नव्हे. अँड्र्यू वेकफिल्ड यांनी १९९८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये अवघ्या १२ मुलांच्या नोंदींवरून गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवला. नियतकालिकाने २०१० मध्ये तो निबंध मागे घेतला. तरी त्याच्या संदर्भांची संख्या हजारावर गेली आहे. त्यातील बहुतेक उल्लेख तो खोडून काढणारे आहेत. पण बेरीज करणाऱ्या यंत्राला टीका आणि कौतुक यांतला फरक कळत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण कोलकात्याचे. तेथील विकृतिशास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा भाग दोन्ही बाजूंनी बांधून त्यात कॉलऱ्याच्या जिवाणूंचा, पण जिवाणू गाळून काढलेला द्रव सोडला. जिवाणू नसतानाही आतड्यात पाणी साठले. कॉलऱ्याचा जिवाणू विष बाहेर सोडतो आणि त्या विषामुळे शरीरातले पाणी आतड्यात ओढले जाते, हे त्यातून सिद्ध झाले. १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या या छोट्या निबंधाकडे सुरुवातीची काही वर्षे फारसे कुणी पाहिले नाही. १९७८ मध्ये कॉलऱ्यावरील नोबेल परिसंवादाचे निमंत्रण त्यांना आले. पण भारतातील एकाही विज्ञान अकादमीने हयातीत त्यांना सदस्य करून घेतले नाही. १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या कामाची दखल घेणारा लेख लिहिला तो यूजीन गारफिल्ड यांनी, म्हणजे संदर्भसूचीची पद्धत ज्यांनी रूढ केली त्यांनीच! आजच्या मोजपट्टीने १९६० च्या सुमारास डे यांची बढती ठरवली असती, तर ती बहुधा अडली असती.

हा प्रश्न केवळ मानापमानाचा नाही. वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापकांना बढतीसाठी शोधनिबंध दाखवावे लागतात. ज्याच्या विभागात रोज बाह्यरुग्णांची रांग असते, प्रयोगशाळा अपुरी आणि संशोधनासाठी वेगळा वेळ नाही, तोही त्याच अटीत येतो. मग पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके, एका अभ्यासाचे तुकडे करून केलेले तीन-चार निबंध, स्वतःचेच आणि मित्रांचे संदर्भ देणे, या पळवाटा निघतात. त्यातले कच्चे निष्कर्ष उपचारांच्या आढाव्यांत शिरले, तर किंमत रुग्ण मोजतो.

शिवाय विषयागणिक आकडे बदलतात. कर्करोगावर जगभर हजारो जण लिहितात. सर्पदंशावर किंवा एखाद्या आदिवासी तालुक्यातील कुपोषणावर लिहिणारे मोजकेच. तिथे संदर्भ कमी मिळणार, काम मात्र तितकेच गरजेचे.

आयोनिडिस यांच्या यादीत स्वतःचे संदर्भ वगळून केलेली क्रमवारीही असते आणि मागे घेतलेल्या निबंधांची नोंदही अलीकडे दिली जाते. बातमी देताना निदान तेवढे पाहावे. निवड समित्यांसाठीही वाट आखलेली आहे. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे आकाराला आलेला ‘डोरा’ जाहीरनामा सांगतो, की नियतकालिकाच्या नावावरून नव्हे, तर प्रत्यक्ष कामावरून संशोधकाला जोखा. म्हणजे उमेदवाराने निवडलेले चार-पाच निबंध समितीने स्वतः वाचायचे आणि विचारायचे: प्रश्न महत्त्वाचा होता का, पद्धत चोख होती का, त्यातून उपचारात किंवा धोरणात काही बदलले का? याला वेळ लागतो. पण डे यांचा तो छोटा निबंध वाचायला फार वेळ लागला नसता.